निष्क्रिय कोणाला म्हणावे?

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत फरक केवळ एका मात्रेचा आहे. बारशाला किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी आपण मुलाचे नाव ठेवतो. पुढे तेच मूल आपल्या अपेक्षेप्रमाणे वागले नाही की त्याला नावे ठेवतो. पहिल्या क्रियेत आशा असते, दुसरीत निकाल असतो. हा निकाल बहुधा घाईने दिलेला असतो आणि एकदा दिला की त्याची फेरतपासणी सहसा होत नाही. एखाद्याला ‘बिनकामाचा’, ‘माणूसघाणा’ किंवा ‘ढ’ म्हटले की त्याच्याकडे पाहण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी होते. आपण त्या शब्दाकडे पाहून समाधान मानतो.

दिलेल्या नावाबद्दल नाव देणारा कितपत उत्तरदायी असतो, आणि कोणाशीही न मिसळणे हे थोरपणाचे लक्षण मानावे काय, असे दोन प्रश्न या लेखात विचारात घ्यावयाचे आहेत. ते एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांच्यासाठी एक उदाहरण मराठवाड्यातील एका गावाचे घेतले आहे आणि दुसरे रसायनशास्त्रातील एका वायूचे. गाव आणि वायू यांचा परस्परांशी संबंध नाही. दोहोंचा संबंध आहे तो माणसाच्या नावे ठेवण्याच्या सवयीशी.

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. आज ते ‘जांब समर्थ’ या नावाने ओळखले जाते. इ. स. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी येथे एक मुलगा जन्मला. त्याचे नाव नारायण. बाराव्या वर्षी त्याला बोहल्यावर उभे केले असता ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मांडवातून निघून गेला, असे परंपरा सांगते. पुढे नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे साधना आणि त्यानंतर बारा वर्षे देशभर भ्रमण, असा त्याचा काळ गेला. ही चोवीस वर्षे गावात त्याच्याविषयी काय बोलले गेले असेल? त्याची नोंद नाही. पण आपण आपली गावे ओळखतो. लग्नाच्या मांडवातून पळालेल्या मुलाला गाव जे म्हणते ते तेव्हाही म्हटले गेले असेल, आणि ते आईच्या कानांपर्यंत पोहोचलेही असेल. नंतर त्या मुलाला ‘रामदास’ हे नाव लाभले, ‘समर्थ’ ही पदवी लाभली, आणि अखेर ज्या गावातून तो गेला त्या गावालाच त्याची पदवी चिकटली.

या घराण्यातील आणखी एका नावाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. नारायणाचे थोरले बंधू गंगाधरपंत घरीच राहिले. त्यांनी प्रपंच केला, आईला सांभाळले, ग्रंथरचनाही केली. रामदासी संप्रदाय त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणतो. बंध तोडून गेलेला तो समर्थ आणि बंध सांभाळून राहिलेला तो श्रेष्ठ, अशी ही नामकरणाची रीत आहे. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी, कारण युरोपातील शास्त्रज्ञांना ‘श्रेष्ठ’ या अर्थाचा शब्द वापरण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तो नेमका उलट दिशेने वापरला.

इ. स. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज संशोधकाने हवेवर एक प्रयोग केला. हवेत अधिक ऑक्सिजन मिसळून त्याने त्यातून विजेच्या ठिणग्या पुन्हा पुन्हा सोडल्या. हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावला आणि शोषून घेतला गेला. पण अगदी शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहून अधिक नव्हता आणि काही केल्या तो कशाशीही संयोग पावेना. कॅव्हेंडिशने प्रामाणिकपणे ही नोंद करून ठेवली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्या बुडबुड्याची कोणी विचारपूस केली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लॉर्ड रॅले यांना आढळले की, हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनहून किंचित जड भरतो. फरक सुमारे अर्ध्या टक्क्याचा होता. दुसरा एखादा तो चूक म्हणून सोडून देता. रॅले यांनी सोडला नाही. विल्यम रॅम्झी यांच्यासह त्यांनी १८९४ मध्ये हवेतील त्या अज्ञात वायूचा छडा लावला. कशाशीही संयोग न पावणारा म्हणून त्याला ‘अरगॉन’ हे नाव मिळाले. ‘अर्गोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आळशी, रिकामा, काम न करणारा. १८९८ मध्ये रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी हवेतूनच आणखी तीन वायू वेगळे केले. एकाला त्यांनी क्रिप्टॉन म्हणजे लपलेला, दुसऱ्याला निऑन म्हणजे नवा, आणि तिसऱ्याला झेनॉन म्हणजे परका, पाहुणा असे नाव दिले. हवेच्या सुमारे सव्वा कोट भागांत झेनॉनचा जेमतेम एक भाग सापडतो.

या कुटुंबातील हेलियमच्या नावाची कथा आपल्या कोकणाशी जोडली गेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ त्या ग्रहणाची आठवण म्हणून आजही दाखवले जातात आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियमचा दिवस साजरा होतो. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी त्या दिवशी गुंटूर येथून निरीक्षण केले. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी सूर्याच्या प्रकाशातील ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. ती रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. सूर्यावर एखादा नवा धातू असावा, असे समजून त्याला हेलियम हे नाव देण्यात आले. सोडियम, कॅल्शियम या धातूंच्या नावांच्या शेवटी जो प्रत्यय असतो तोच त्यालाही लावला. १८९५ मध्ये रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवर एका खनिजात सापडला, तेव्हा तो धातू नसून वायू असल्याचे कळले. नाव मात्र तेच राहिले. नावे अशीच असतात. ती आपल्या अज्ञानाच्या क्षणी दिली जातात आणि ज्ञान झाल्यावरही टिकून राहतात.

या सर्व वायूंना मिळून एक कुलनाम हवे होते. इंग्रजीत कोणी त्यांना ‘दुर्मिळ’ म्हणाले, कोणी ‘निष्क्रिय’. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हुगो एर्डमान याने १८९८ मध्ये त्यांच्यासाठी ‘उमराव वायू’ अशा अर्थाचा शब्द योजला. सोन्याला गंज चढत नाही, ते सहसा कोणात मिसळत नाही, म्हणून आपण त्याला राजधातू म्हणतो; त्याच धर्तीवर हे राजवायू ठरले. आपल्या पाठ्यपुस्तकांतही ‘निष्क्रिय वायू’, ‘अक्रिय वायू’ आणि ‘राजवायू’ ही नावे आलटून पालटून आली आहेत.

ही नावे एकेक करून तपासून पाहावीत. ‘दुर्मिळ’ हे नाव अरगॉनला शोभत नाही. आपण घेतो त्या हवेत तो शेकडा ०.९३ इतका आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटींहून अधिक. आपल्या नाकाखाली असलेले आपल्या ध्यानात आले नाही, त्याला आपण दुर्मिळ म्हटले. ‘राजवायू’ या नावात तर एक सामाजिक समजूत दडलेली आहे. जो कोणाशी मिसळत नाही तो उच्च कुळातला, आणि जो सहज सर्वांशी संयोग पावतो तो हलका, ही ती समजूत. युरोपातील सरदार घराण्यांना ती ठाऊक होती. आपल्या देशाला तर ती फारच चांगली ठाऊक आहे. कोणाच्या हातचे पाणी न पिणे, कोणाच्या पंक्तीला न बसणे आणि कोणाच्या घरी मुलगी न देणे ही आपल्याकडे शतकानुशतके श्रेष्ठत्वाची परिमाणे होती. एकाच बाप्तिस्म्याने भाऊबहीण झाल्यावरही सोयरिकीच्या वेळी मूळ जात पाहणारी घराणी आपल्या धर्मग्रामांना अनोळखी नाहीत. रसायनशास्त्रज्ञांनी वायूला नाव दिले खरे. पण त्या नावात त्यांनी आपल्या समाजाचेच चित्र उमटवले.

आता ‘निष्क्रिय’ या नावाकडे वळू. सर्वांत मोठे नुकसान याच नावाने केले.

फ्लुओरीन हा वायू इतका उग्र आहे की काच, धातू, लाकूड काहीही त्याच्यापुढे टिकत नाही. त्याला प्रथम वेगळे करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांनी १८९५ मध्ये अरगॉन आणि फ्लुओरीन एकत्र आणून पाहिले. काहीच घडले नाही. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस आणि जर्मनीत कोसेल यांनी रासायनिक बंधांची उपपत्ती मांडली. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असले की तो पूर्ण होतो. ज्याच्यापाशी आठ नाहीत तो दुसऱ्याकडून घेतो, दुसऱ्याला देतो किंवा दोघे मिळून वाटून घेतात. राजवायूंपाशी, दोनच इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमचा अपवाद सोडता, आठ मुळातच असतात. ते पूर्ण आहेत, त्यांना कोणाची गरज नाही, म्हणून ते कोणाशी बांधले जात नाहीत. उपपत्ती सुंदर होती आणि बऱ्याच अंशी खरीही होती. पण तिच्यामुळे एक गोष्ट नकळत घडली. ‘हे वायू अद्याप संयोग पावलेले नाहीत’ हे निरीक्षण होते. त्याचे ‘हे वायू संयोग पावूच शकत नाहीत’ असे विधान झाले. ‘अद्याप’ हा शब्द गळून पडला.

सर्वांनीच तो गाळला होता असे नाही. कोसेल यांनी स्वतःच म्हटले होते की, जड राजवायू कदाचित फ्लुओरीनशी संयोग पावतील. १९३३ मध्ये लायनस पॉलिंग यांनी झेनॉनची संयुगे शक्य असल्याचे भाकीत केले. त्यांच्याच संस्थेतील डॉन योस्ट आणि त्यांचा विद्यार्थी आल्बर्ट के यांनी झेनॉन आणि फ्लुओरीन एकत्र आणून त्यांतून विद्युत्‌प्रवाह सोडून पाहिला. त्यांना यश आले नाही. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे फारसे कोणी त्या वाटेस गेले नाही. एका प्रयोगाचे अपयश हे त्या वायूचे अंगभूत लक्षण ठरले. पाठ्यपुस्तकांनी ते शिकवले, विद्यार्थ्यांनी ते पाठ केले, आणि त्यांतलेच काही पुढे शिक्षक झाले.

ही कोंडी फोडणारा नील बार्टलेट हा १९३२ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जन्मलेला तरुण रसायनशास्त्रज्ञ होता. तो कॅनडातील व्हँकूव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकवत असे. प्लॅटिनम आणि फ्लुओरीन यांच्या एका तांबड्या, अत्यंत उग्र संयुगावर, म्हणजे प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडवर, त्याचे काम चालले होते. डेरेक लोमन या सहकाऱ्याबरोबर काम करताना त्याला आढळले की, या संयुगाने चक्क ऑक्सिजनच्या रेणूकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला आहे. ऑक्सिजन हा इतरांचे इलेक्ट्रॉन घेणारा म्हणून प्रसिद्ध. त्याच्याकडून काढून घेणारा भेटला, ही गोष्ट नवलाची होती.

येथे बार्टलेटने जे केले त्यात या लेखाच्या दृष्टीने सारे सार आहे. त्याने आकड्यांकडे पाहिले. ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन सोडवण्यासाठी १२.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. झेनॉनच्या अणूतून सोडवण्यासाठी १२.१३. दोन आकडे जवळजवळ सारखे. मग जे ऑक्सिजनच्या बाबतीत घडले ते झेनॉनच्या बाबतीत का घडू नये? हे आकडे काही गुप्त नव्हते. कोणालाही ते पाहता आले असते. परंतु एका आकड्यापुढे ‘ऑक्सिजन’ असे लिहिलेले होते आणि दुसऱ्यापुढे ‘निष्क्रिय’ असे. नाव वाचले की आकडा वाचण्याचे कारण उरत नाही.

२३ मार्च १९६२, शुक्रवारची संध्याकाळ. एका बाजूला तांबडी वाफ, दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन, आणि मध्ये काचेचा पडदा. बार्टलेटने तो पडदा फोडला. नेहमीच्या तापमानालाच, त्याच क्षणी, नारिंगी-पिवळ्या रंगाचा घन पदार्थ तयार झाला. ही वार्ता कोणाला तरी सांगावी म्हणून तो बाहेर धावला, तर सर्व जण जेवायला गेलेले. परक्याचा पहिला बंध जुळला तेव्हा साक्षीला कोणीच नव्हते.

त्या पदार्थाला झेनॉन हेक्झाफ्लुओरोप्लॅटिनेट हे नाव मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत झेनॉन टेट्राफ्लुओराइड आणि जर्मनीतील म्युन्स्टर येथे झेनॉन डायफ्लुओराइड तयार झाले. ज्या जोडीने १९३३ मध्ये दाद दिली नव्हती तीच ही जोडी, झेनॉन आणि फ्लुओरीन. आज झेनॉनची शंभराहून अधिक संयुगे माहीत आहेत आणि त्यांतील डायफ्लुओराइड सिलिकॉनवर सूक्ष्म कोरीवकाम करण्याच्या कामी येते. २००० साली हेलसिंकी येथे खुद्द ‘आळशी’ अरगॉनचेही एक संयुग अतिशीत तापमानात बनवले गेले. ‘निष्क्रिय वायू’ हे नाव हळूहळू मागे पडले.

या कथेला एक उपकथा आहे आणि ती मला मूळ कथेइतकीच मोलाची वाटते. बार्टलेटने आपल्या पदार्थाला दिलेले नावही तंतोतंत बरोबर ठरले नाही. त्याला वाटले होते तसा तो एका झेनॉनचा आणि एका प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडचा साधा क्षार नव्हता. त्यात झेनॉनने फ्लुओरीनशीही बंध जोडलेला होता आणि एकाहून अधिक पदार्थांचे ते मिश्रण होते. या पदार्थाचे खरे स्वरूप उलगडणारा एक निबंध २००० साली प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत स्वतः बार्टलेट होता. जगाने दिलेले नाव ज्याने खोटे ठरवले, त्याने स्वतः दिलेले नावही अडतीस वर्षांनंतर पुन्हा तपासायला घेतले. २००८ मध्ये तो निवर्तला. नावे ठेवणाऱ्याची जबाबदारी कोणती, या आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या या कृतीत आहे. नाव दिल्यावाचून व्यवहार चालत नाही. पण दिलेले नाव पुन्हा तपासण्याची तयारी ठेवणे हे नाव देणाऱ्याचे ऋण आहे.

उरलेले निम्मे उत्तर शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक शब्दांत सापडते. संत मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. धनी बाजारात जातो तेव्हा तेथे काही माणसे रिकामी उभी असतात. त्यांच्यासाठी संत मत्तय जो शब्द योजतो तो हाच, अर्गोस. अरगॉन वायूला दिलेले नाव त्या माणसांना दिलेले आहे. दिवस मावळायला एक तास उरला असताना धनी पुन्हा येतो आणि त्यांना विचारतो की, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात. त्यांचे उत्तर साधे आहे: आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. दाखल्याचा विचार करताना आपण बहुधा मजुरीच्या वादावर थांबतो, उशिरा आलेल्यांना पूर्ण दिनार का, यावर. पण त्या उत्तराजवळही थांबायला हवे. रिकामेपण हा त्या माणसांचा स्वभाव नव्हता. तो इतरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवल्याचा परिणाम होता. धन्याने त्यांना आळशी ठरवून पुढे जाण्याऐवजी कारण विचारले, आणि विचारल्यामुळेच खरे काय ते कळले.

पुढे पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन येते. तेथे न्यायाधीश म्हणतो की मी परका होतो; आणि कोणी मला घरात घेतले, कोणी घेतले नाही, यावरून तो निवाडा करतो. परका या अर्थाचा तेथील शब्द झेनोस. झेनॉनचे नाव त्याच शब्दावरून आले आहे. रॅम्झी यांच्या मनात शुभवर्तमानातील हे प्रसंग होते असे म्हणण्याचा हेतू नाही. ग्रीक भाषेतील हे नेहमीचे शब्द आहेत. पण शब्द तेच आहेत, आणि त्यांनी दाखवलेली आपली सवयही तीच आहे. एकाला आळशी म्हटले, दुसऱ्याला परके म्हटले, की दोघांनाही काही विचारावे लागत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, अणूला इच्छा नसते, माणसाला असते. दोघांची तुलना कशी करता? आक्षेप योग्य आहे. झेनॉनने इलेक्ट्रॉन स्वखुशीने दिला नाही; तो एका उग्र पदार्थाने ओढून घेतला. माणसांमधला सगळाच संयोगही मंगल नसतो. धाकाने आणि दडपणाने जुळवलेली नाती आपण पाहतो. झेनॉनचेही ट्रायऑक्साइड नावाचे एक संयुग आहे, त्याचा केव्हाही भडका उडतो. तेव्हा ‘जो कोणाशी तरी बांधला गेला तो धन्य’ असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अलिप्तपणाचे काही मोल नाही काय? आहे. वेल्डिंगच्या दुकानात जाऊन पाहावे. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील जोडताना तापलेल्या धातूला हवा लागली तर सांधा बिघडतो. म्हणून त्यावर अरगॉनचा झोत सोडतात. अरगॉन स्वतः कशात मिसळत नाही, म्हणूनच त्याच्या आडोशाला इतर दोघे नीट जोडले जातात. ‘आळशी’ वायूचे हे काम आहे. मठाच्या भिंतीआड आयुष्यभर प्रार्थना करणाऱ्या भगिनी, आईवडिलांसाठी अविवाहित राहिलेली आत्या, भांडणात कोणाचीच बाजू न घेणारा आणि म्हणून दोघांनाही जवळचा वाटणारा शेजारी, ही माणसे आपल्या समाजात हेच करतात. त्यांचा अलिप्तपणा इतरांच्या बंधांना आडोसा देतो. त्यांना निष्क्रिय म्हणणे हे त्यांचे काम न दिसल्याचे लक्षण आहे.

म्हणून अलिप्तपणा चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तो कोणासाठी आहे, हे पाहावे लागते. स्वतःचे पूर्णत्व जपण्यासाठी जो दूर राहतो आणि इतरांना उपयोगी पडावे म्हणून जो दूर राहतो, ते बाहेरून सारखेच दिसतात. जांबच्या नारायणाकडे पाहावे. तो गेला तो कायमचा रानात राहिला नाही. चोवीस वर्षांनंतर तो लोकांत परतला, गावोगाव मठ उभारले, मारुतीची मंदिरे स्थापन केली, आणि ‘दासबोधा’त संसारी माणसाला प्रपंच नेटका करण्याचाही उपदेश केला. आईच्या भेटीला तो जांबला आल्याची कथा परंपरेने जपली आहे. त्याच्या मार्गाविषयी कोणाचे काहीही मत असो, तो अलिप्तपणातच थांबला नाही, हे मान्य करावे लागते. आणि जो घरीच राहिला, ज्याने रोजच्या नात्यांचा भार वाहिला, त्याला त्याच परंपरेने ‘श्रेष्ठ’ म्हटले. उमरावपणाची व्याख्या करताना एर्डमानने सोन्याकडे पाहिले. रामदासी परंपरेने घरी राहिलेल्या थोरल्या भावाकडे पाहिले. मला दुसरे अधिक खरे वाटते.

आणि परक्याविषयी बोलायचे तर मराठी ख्रिस्ती माणसाला फार दूर जायला नको. जांबचा नारायण आठ वर्षांचा होता त्या वर्षी, म्हणजे १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ते रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात उतरले तेव्हा येथील भाषेत, रीतीत, अन्नात सर्वस्वी परके होते. त्या परक्या माणसाने ओवी आपलीशी केली आणि आपल्या भाषेला एक महाग्रंथ दिला. त्याला कोणीतरी शब्द शिकवले असतील, उच्चार सुधारून दिले असतील, त्याच्या चुकांना हसून पुन्हा सांगितले असेल. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. परक्याला आत घेणाऱ्यांचे काम बहुधा असेच निनावी असते.

आपण ज्याला पॅरिश किंवा धर्मग्राम म्हणतो, त्या ‘पॅरिश’ शब्दाचे मूळही ग्रीक आहे. परक्या ठिकाणी वस्ती करून राहणे, असा त्या मूळ शब्दाचा अर्थ होता. पहिले ख्रिस्ती लोक स्वतःला या जगातले उपरे समजत, म्हणून त्यांच्या मंडळीला ते नाव पडले. पुढे आपण स्थिरावलो, जमिनी झाल्या, चर्चच्या बाकांवर ठरलेल्या जागा झाल्या, आणि ‘परका’ हा शब्द आपण दुसऱ्यांसाठी वापरू लागलो.

आज आपल्या धर्मग्रामात परका कोण आहे? मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला निघणारी कुटुंबे अर्धे वर्ष कोणाच्या तरी शिवारात परकी असतात; त्यांची मुले शाळेच्या पटावर असतात आणि वर्गात नसतात. नाक्यावर सकाळी उभी राहणारी माणसे दहा वाजेपर्यंत कोणी बोलावले नाही तर परत जातात, आणि शेजारून जाणारा म्हणतो की यांना काम नको असते. दुरून येऊन आपल्या आळीत भाड्याने राहणारे घर असते. त्याचा उल्लेख नावाने होत नाही, प्रांताच्या नावाने होतो. आणि आपल्याच नात्यातले एखादे असते. एकदा रागावून मिस्सेला येणे सोडलेले, एखाद्या कार्यक्रमात अपमान झाल्यावर पुन्हा न आलेले. त्याच्याविषयी विचारले की उत्तर तयार असते: तो तसाच आहे, तो मिसळत नाही. त्याला शेवटचे कधी विचारले होते, असे पुढे विचारले तर बहुधा कोणाला सांगता येत नाही. १९३३ मध्ये एकदा प्रयत्न झाला होता, आणि तो फसला होता, अशातलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल की, काही माणसे खरोखरच आळशी असतात, काहींना खरोखरच कोणी नको असते. असतीलही. पण ते ठरवण्यापूर्वी ज्या मापाने आपण आपल्या माणसाला मोजतो त्याच मापाने त्यालाही मोजले आहे काय, एवढे तरी पाहावे. बार्टलेटने झेनॉनवर दया केली नाही. ऑक्सिजनला लावलेले माप त्याने झेनॉनला लावले, इतकेच. न्यायाचा आरंभ बहुधा तेथेच होतो, प्रेम त्यानंतर येते. आपल्या मुलाचे अपयश परिस्थितीमुळे आणि दुसऱ्याच्या मुलाचे अपयश स्वभावामुळे, हा दुटप्पी हिशेब आधी सोडावा लागेल.

आणि मग दाखल्यातील धन्याप्रमाणे पुन्हा बाजारात जावे लागेल. तो एकदाच गेला नाही. पहाटे गेला, तिसऱ्या तासाला गेला, सहाव्या आणि नवव्या तासाला गेला, आणि दिवस संपत आला असतानाही गेला. आपल्या आळीत ज्याला सर्व जण ‘तो मिसळत नाही’ म्हणतात, त्याच्या दारावर या आठवड्यात कोण जाणार, हे येत्या रविवारी मिस्सेनंतर ठरवता येईल.